ब्रेक फेल नव्हते

"मिस्त्री, ब्रेक फेल झाल्ते का?" हवालदारानं विचारलं.

मी जीपच्या खालून बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, "न्हाई."

पंचनाम्यात तेवढंच लिहिलं गेलं. मी खोटं बोललो नव्हतो. पण त्या एका शब्दावर एका निर्दोष माणसावर केस उभी राहिली. त्या दिवसाची आठवण आली की आजही माझ्या कानशिलांत रक्त चढतं. आधी स्वतःवर राग येतो, मग बाकीच्यांवर.

मूळचा मी केदारखेड्याचा. जालन्याला एका गॅरेजात काम शिकलो आणि नव्वदच्या आसपास टेंभुर्णीच्या रोडला स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्या वर्षांत आमच्या भागात जुन्या पेट्रोलच्या जीपा स्वस्तात मिळायच्या. पेट्रोल परवडत नव्हतं. म्हणून लोक ते इंजन काढून त्यात छोट्या ट्रकचं डिझेल इंजन बसवून घ्यायचे, मागून बॉडी वाढवायचे, दोन्ही बाजूंना लांब बाक टाकायचे आणि सहा माणसांच्या गाडीत वीस-बावीस माणसं कोंबायचे. हे इंजन बसवण्यात माझा हात बसला होता. भोकरदनपासून लोक यायचे. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करतो.

टेंभुर्णीच्या पुढं एका गावात एक खाजगी शाळा होती. शाळेच्या अध्यक्षांची अशीच एक जीप होती, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची लेकरं आणायला. तिचं इंजन मीच बदललं होतं. बॉडीही माझ्याच गॅरेजच्या अंगणात वाढवली. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि रोज त्याच जीपनं शाळेत जायची.

ड्रायव्हर पन्नाशीतला होता. आधी वीस वर्षं जिनिंगच्या ट्रकवर होता. लेकरं त्याला मामा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच मामा म्हणू लागलो. हा माणूस इंजनाच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा की कुठला बोल्ट ढिला आहे. तो माझ्याकडं दोनदा आला होता.

"मिस्त्री, गाडी उतारावर थांबून राह्यली न्हाई बराबर. दाबतो तवा धरते, पण मंग सरकतच राहते."

दोन्ही वेळा मी चाकं खोलली, ब्रेक साफ केले, आवळले, दुसऱ्यांदा लायनरही बदलले आणि त्याला परत पाठवलं. मला कारण माहीत होतं. गाडी आता दुप्पट ओझ्याची झाली होती, वेग वाढला होता आणि ब्रेक मात्र जुन्या हलक्या जीपचेच होते, ताटलीएवढ्या ड्रमचे, म्हणजे चाकाच्या आतल्या बंद डब्याचे. इंजन बसवल्यावर पहिल्या ट्रायललाच ते माझ्या पायाला कळलं होतं. मी गप्प राहिलो. मामा सांभाळून चालवतो, असं मनाला सांगितलं.

शाळेच्या अलीकडं एक नाला आहे आणि दोन्ही बाजूंनी रस्ता उतरत त्यावरच्या फरशी-पुलावर येतो. त्या सकाळी पुलावर कापसाची ट्रॉली आडवी होऊन अडकली होती. मामानं वरूनच ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण थांबेना. समोर ट्रॉली, तिच्याभोवती माणसं. मामानं जीप डावीकडं बांधावरून शेतात घातली आणि ती बाभळीवर जाऊन आदळली. डाव्या बाकाच्या टोकाला नववीतली एक मुलगी बसली होती. तिचा पाय पत्र्यात सापडला. जालन्याला नेल्यावर गुडघ्याखाली कापावा लागला. माझी मुलगी तिच्या शेजारीच होती. तिच्या हनुवटीला चार टाके पडले. मामाच्या तीन बरगड्या मोडल्या.

त्याच दुपारी हवालदारानं मला जीप तपासायला बोलावलं आणि मी ते एका शब्दाचं उत्तर दिलं. ब्रेकचं तेल बराबर, नळ्या शाबूत, लायनर आठ दिवसांपूर्वी मीच बदललेले. फेल काहीच नव्हतं.

अध्यक्षांनी तो शब्द उचलला आणि गावभर फिरवला. "मिस्त्रीनं सांगितलं, ब्रेक चांगले होते. ड्रायव्हर पेंगला." मामा दवाखान्यात असतानाच त्याला कामावरून काढलं. पुढं निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला.

चार दिवसांनी मी घरी जेवायला बसलो होतो. मुलगी समोर बसून दुधात पोळी कुस्करत होती, चावता येत नव्हतं म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "मामा पेंगले नव्हते. ते ब्रेकवर उभे राह्यले होते. दोन्ही पायांनी. सीटवरून उठून. मी बघितलं."

मी ताट सरकवलं. बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ताट उचलून नेलं. तिनं काही बोलायला हवं होतं, निदान मला तिच्यावर तरी ओरडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या घरी गेलो. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. हसलं की बरगड्या दुखायच्या, तरी हसला.

मी म्हणालो, "मामा, मी खोटं न्हाई बोललो."

"तुम्ही खोटं कुठं बोलले मिस्त्री? अर्धंच बोलले."

मी लगेच उठून आलो. त्याच्यावर राग आला, कारण तो ओरडला नाही. वाटेत मी सायकल एका लिंबाला टेकवली आणि स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारल्या. लोकांनी बघितलं असेल. बघू दे.

पंधरा दिवसांत चेपलेली जीप माझ्याच गॅरेजात आली. मागोमाग अध्यक्ष आले. पांढरे कपडे, पायात कोल्हापुरी.

"मिस्त्री, जल्दी करा. लेकरांची शाळा बुडून राह्यली."

"ब्रेक बदलल्याशिवाय देणार न्हाई."

"ब्रेक चांगले होते, तुम्हीच तर म्हणले."

"फेल नव्हते म्हणलो. पुरेसे होते आसं न्हाई म्हणलो."

ते म्हणाले, "आता ड्रायव्हर बदलला ना? मंग ब्रेक कशाला बदलता?"

माझ्या हातात पाना होता. तो मी हळूच खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. म्हणालो, "माझी पोरगी त्या गाडीत होती. गाडी इथून तशी जाणार न्हाई."

त्यांना वाटलं असेल, डोकं शांत झालं की देईल. मी त्याच दिवशी पुढची दोन्ही चाकं काढून बाजूला ठेवली आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली.

तेव्हा नव्या, मोठ्या, दहा माणसांच्या गाड्या बाजारात आल्या होत्या. त्यांच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क असायची, म्हणजे उघडी लोखंडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा. उतारावर कितीही तापली तरी वाऱ्यानं थंड होते आणि पकड सोडत नाही. जालन्याच्या भंगारवाल्याकडं तसली एक गाडी मागून ठोकलेली पडली होती. तिची पुढची डिस्क मी खोलून आणली.

आणली, पण बसवणं सोपं नव्हतं. जीपची भोकं वेगळी, त्या गाडीची वेगळी. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबवर चकती बसेना. चिमटा धरायला जीपच्या चाकामागं जागाच नव्हती. मी पुठ्ठ्याची मापं कापत बसलो. दिवसभर गिऱ्हाईकांची कामं करायची आणि मधल्या वेळात जीपखाली घुसायचं. लोक येऊन सांगायचे, "मिस्त्री, सोडा ना. एका गाडीसाठी धंदा बुडवता काय?" मी उत्तर देत नव्हतो. दिलं असतं तर शिवीच तोंडातून आली असती.

चिमटा धरणारी पट्टी जालन्याच्या एका लेथवर करून घ्यायची ठरवली. लेथवाले चाचा सत्तरीचे होते. मी नेलेली लोखंडी पट्टी त्यांनी हातावर तोलली आणि परत माझ्या हातात दिली.

"ये क्या लाए मिस्त्री? इसके भरोसे बच्चे बिठाओगे?"

रोलिंग मिलमधून त्यांनीच जाड पट्टीचा तुकडा मागवला. दोन पट्ट्या केल्या. भोकं पाडताना मला जवळ उभं राहू दिलं नाही. माझी घाई त्यांना सहन होत नव्हती. "गुस्सा बाहर रख के आओ," म्हणाले. मी बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ तासभर उभा राहिलो. राग तिथंही सोबत होताच.

पहिली ट्रायल फसली. शंभर पावलं गेल्यावर गाडी जड झाली, पुढून धूर निघाला, चाकाला हात लावला तर कातडी भाजली. ब्रेक धरले होते ते सुटतच नव्हते. दोन दिवस मी बडबडत फिरलो. मग कळलं, चूक माझीच होती. जीपचा जुना मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत पोचवणारा भाग, मी तसाच ठेवला होता. ड्रमच्या ब्रेकसाठी तो नळीत थोडा दाब कायम धरून ठेवतो. डिस्कला ते चालत नाही. म्हणून त्याच भंगार गाडीचा सिलिंडर आणला. आता ब्रेक सुटू लागले, पण पायाला दगड झाले. दोन्ही पायांनी दाबावं तेव्हा लागायचे. पायाला जोर देणारा बूस्टरही लागणार होता आणि बूस्टरला हवा ओढून घेणारा पंप. पेट्रोलच्या इंजनाला तो वेगळा लागत नाही, डिझेलला लागतो. तो ज्या डायनामोच्या मागं असतो तसला डायनामो शोधायला आणखी आठ दिवस गेले.

मी हे सगळं शिकत गेलो आणि जितकं शिकलो तितका माझाच राग येत गेला. इंजन बदलताना यातलं काहीही मी विचारात घेतलं नव्हतं. गाडी पळते का, एवढंच बघितलं होतं.

शेवटी जमलं. जीपमध्ये बावीस लेकरांच्या वजनाची वाळूची पोती टाकली आणि त्याच नाल्याच्या उतारावर नेली. वर, मामानं जिथं ब्रेक दाबला होता तिथं, चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. रेघ ओलांडली की ब्रेक दाबायचा. आधी चुलत भावाची तशीच जीप, जुन्या ब्रेकची, तेवढीच पोती भरून सोडली. ती रेघेपासून चोपन्न पावलांवर थांबली. माझी सत्तावीसवर. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तीसच्या आत.

मला आनंद झाला नाही. त्या बाभळीपासून रेघेपर्यंत पावलं मोजली, चाळीसच्या वर भरली, आणि मी रस्त्यातच खाली बसलो. गाडी थांबली असती.

पण गाडी रस्त्यावर आणायला आरटीओचं पासिंग लागत होतं. तालुक्याला त्यांचा कॅम्प होता. इन्स्पेक्टर खाली वाकले, टॉर्च मारली.

"हे ब्रेक या गाडीचे न्हाईत."

"न्हाईत साहेब. इंजन पण या गाडीचं न्हाई. बॉडी पण न्हाई."

"इंजनाची नोंद आहे पुस्तकात."

"मंग ब्रेकची करा."

"कशाच्या जोरावर? उद्या ही तुमची पट्टी तुटली, तर सही माझी आहे. कंपनीचं पत्र आणा."

आज शांतपणे विचार केला तर त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पट्टी तुटली तर? हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं. माझा संताप वेगळाच होता. दोन वर्षांपूर्वी ट्रकचं इंजन त्या तोकड्या ब्रेकवर बसवून मी हीच गाडी पासिंगला आणली होती, तेव्हा हाच प्रश्न कोणी का नाही विचारला? ते मी तिथं मोठ्यानं विचारलं. रांगेतले लोक हसले. इन्स्पेक्टरनी माझे कागद परत केले आणि पुढची गाडी बोलावली.

अध्यक्षांना हेच हवं होतं. त्यांनी जीप दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथं जुने ड्रम परत बसवले आणि ती एका दिवसात पास होऊन आली. माझी डिस्क, चिमटे, पट्ट्या, सगळं एका पोत्यात भरून त्यांनी माझ्या दारात टाकलं. माझी मुलगी तेव्हा घरीच राहत होती. मी तिला त्या जीपमध्ये बसू देत नव्हतो. बाकीची वीस लेकरं बसत होती.

त्या पोत्यातलं सगळं मी चुलत भावाच्या जीपला लावलं. तो केदारखेड्याहून दूध आणायचा. म्हणाला, "दादा, पासिंगचं काय?" मी म्हणालो, "दंड झाला तर मी जाईन. एक दिवस गाडी दे."

झेंडावंदनाच्या दिवशी शाळेत सगळे पालक जमतात. भाषणं झाली, गोळ्या वाटल्या. मी पुढं गेलो आणि जोरात म्हणालो, "सगळ्यांनी नाल्यापर्यंत चला. दहा मिनिटं लागतील. तुमची लेकरं कशात बसतात ते बघा."

"मिस्त्री, इथं तमाशा करू नका!" अध्यक्ष ओरडले. "सुरक्षेचं आम्ही बघून राह्यलो."

कोणी हललं नाही. मग मागून त्या मुलीचे वडील उठले. पाय गेलेल्या मुलीचे. साधा माणूस, शेती करणारा, सभेत कधी न बोलणारा. म्हणाले, "होऊ द्या अध्यक्ष. मला बघायचंय." आणि चालू लागले. त्यांच्यामागं सगळे निघाले.

शाळेच्या जीपवर नवा ड्रायव्हर होता, पोरसवदा. पोती भरायला पालकांनीच हात लावला. तो वरून आला, रेघेवर ब्रेक दाबला, गाडी सरकत सरकत लोकांच्या समोरून खाली गेली आणि पुलाच्या अगदी तोंडाशी थांबली. तो उतरला आणि चाकाखाली दगड लावू लागला. नंतर तीच पोती भावाच्या जीपमध्ये टाकली आणि मी बसलो. गाडी तिसाव्या पावलाच्या आत उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईनं पोराला कडेवर घेतलं आणि ती पायीच घराकडं निघाली.

दुसऱ्या दिवसापासून जीप रिकामी फिरू लागली. लोक लेकरं सायकलवर, बैलगाडीतून, काही जण पायी आणून सोडत होते. आठव्या दिवशी नवा ड्रायव्हर गाडी घेऊन माझ्या दारात आला. "अध्यक्ष म्हणले, ब्रेक लावा."

मी भावाच्या जीपची डिस्क काढून तिला लावली. पासिंगचं काय होणार, विचारलं. दोन दिवसांत जालन्याहून एक इंजिनिअर आले, माझ्या पट्टीची मापं घेतली, कागदावर आकृती काढली, सही केली. कॅम्पला तो कागद दाखवला आणि नोंद झाली. चार महिने मी दारोदार फिरून जे होत नव्हतं, ते अध्यक्षांच्या दोन फोननी झालं. म्हणजे ते पहिल्या दिवशीही होत होतं. त्या दिवशी गाडी सुरू झाली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मी गॅरेजमागं जाऊन तेलाचा एक रिकामा डबा लाथ मारून चेपवला.

पुढच्या गॅदरिंगला अध्यक्षांनी स्टेजवरून सांगितलं की संस्थेनं विद्यार्थ्यांच्या काळजीपोटी आधुनिक ब्रेक बसवले. शाल-नारळासाठी माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि मंडपाच्या बाहेर निघून गेलो.

मामाची केस तीन वर्षं चालली. मी त्याच्या वकिलांना सांगून साक्षीदार झालो. कोर्टात सगळं सांगितलं. इंजन मी बदललं, ब्रेक तसेच ठेवले, ड्रायव्हरनं दोनदा तक्रार केली, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

समोरच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे चूक तुमची, आसंच ना?"

"माझी पण," मी म्हणालो. "पण ब्रेकवर उभा राहिलेल्या माणसाची न्हाई."

मामा सुटला. निकालाच्या दिवशी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा पाजला. पुन्हा स्टिअरिंगला मात्र त्यानं हात लावला नाही. मी दोन ठिकाणी शब्द टाकला होता. तो म्हणाला, "मन न्हाई लागत मिस्त्री." जावयाच्या पिठाच्या गिरणीवर बसू लागला. चांगला ड्रायव्हर होता. असा ड्रायव्हर मी नंतर पाहिला नाही. त्याची वीस वर्षांची विद्या पिठाच्या चाळणीत गेली, आणि याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही.

माझी कोर्टातली साक्ष गावात पसरली. एका दुपारी त्या मुलीची आई गॅरेजात आली. मुलगी तेव्हा बारावीला होती, जयपूरचा पाय लावून कॉलेजला जायची. बाई उभीच राहिली. मी स्टूल पुसून दिलं, बसली नाही.

"भाऊ, कोर्टात जे बोलले ते माझ्यापुढं बोला."

मी बोललो. पहिल्यापासून. इंजन, बॉडी, मामाच्या दोन फेऱ्या, माझं गप्प राहणं. तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे ते ब्रेक आधी बसवता येत होते?"

"येत होते."

"इंजन बदललं तवाच?"

"व्हय."

मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. ती म्हणाली, "बरं," आणि पदर डोक्यावर सारखा करून निघाली. दारातून वळली. "पोरीला सांगते मी. तिनं विचारल्तं."

नंतर माझ्याकडं इंजन बदलायला जो येई त्याला मी आधी ब्रेकचं सांगायचो. दोन्ही कामं एकत्र, नाहीतर दोन्ही नाहीत. दहातले आठ निघून जायचे. पुढच्याच चौकात दुसरा मिस्त्री नुसतं इंजन बसवून द्यायचा आणि गाडी माझ्या दारासमोरून हॉर्न वाजवत जायची, बाहेर लटकलेल्या माणसांसकट. मी हातातलं काम थांबवायचो आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत शिव्या घालायचो. बायको म्हणायची, ऐकू जात नाही त्यांना. मला माहीत होतं.